'ग्रोइंग कन्सर्न' लिहिताना दरवेळी होणारी चूक: कुठे मोडतं आणि कसं दुरुस्त करायचं

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी बिल्डरला पाठवायचं पत्र माझ्याकडे वाचायला दिलं. पाण्याच्या टाकीला गळती आहे, ती वाढत चाललीय आणि लोकांना काळजी वाटतेय, म्हणजे 'ग्रोइंग कन्सर्न', वाढती काळजी, एवढंच सांगायचं होतं, पण पहिलंच वाक्य होतं, "वुई आर इन ग्रोइंग कन्सर्न ऑफ वॉटर टँक". हे किंवा याच्या जवळपासचं वाक्य मी आजवर कितीदा दुरुस्त केलंय याचा हिशोबच नाही, भावाने मुलाच्या शाळेला लिहिलेल्या मेलमध्ये, ऑफिसात येणाऱ्या क्लायंटच्या पत्रात, आयर्लंडला राहणाऱ्या मामेबहिणीने घरमालकाला भिंतीच्या ओलीबद्दल लिहिलेल्या तक्रारीत. माणसं वेगळी, गावं वेगळी, चूक तीच. आणि या सगळ्यांचं इंग्रजी वाईट आहे असं अजिबात नाही, बाकीचं पत्र नीट असतं, नेमकं याच ठिकाणी अडकतं. एक शब्द बदलला की वाक्य दुसरीकडे मोडतं, मग कंटाळून माणूस "वुई हॅव व्हेरी टेन्शन" लिहून मोकळा होतो. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते.

मी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात बरीच वर्षं पत्रव्यवहार बघते, त्यामुळे 'कन्सर्न' हा शब्द माझ्या टेबलावर रोज येतो, आणि तोही एका अर्थाने नाही, तीन अर्थांनी येतो. खरी गडबड तिथेच सुरू होते. 'ग्रोइंग'ला हात लावायच्या आधी आपल्या वाक्यातला कन्सर्न कोणता आहे ते ओळखा. एक कन्सर्न म्हणजे काळजी, चिंता. दुसरा म्हणजे संबंध, 'टू हूम इट मे कन्सर्न' मधला, म्हणजे ज्याच्याशी याचा संबंध असेल त्याला. आणि तिसरा म्हणजे चक्क धंदा, फर्म. तिसरा ऐकून लोकांना नवल वाटतं, पण आपण तो रोज बोलतो, "ती त्यांचीच सिस्टर कन्सर्न आहे" असं आपल्याकडे मार्केट यार्डातला व्यापारीसुद्धा सहज म्हणतो. ती काही कोणाच्या बहिणीची काळजी नसते, एकाच मालकाची दुसरी फर्म असते.

आता या तिसऱ्या कन्सर्नमुळे जी चूक होते ती सगळ्यात महागात पडते, म्हणून आधी तीच घेते. हिशेबाच्या कामात 'गोइंग कन्सर्न' असा शब्द आहे. त्याचा अर्थ चालता धंदा, म्हणजे ही कंपनी नजीकच्या काळात बंद पडणार नाही, चालूच राहणार आहे असं धरून हिशेब मांडलेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३४ प्रमाणे संचालकांना जे जबाबदारीचं निवेदन द्यावं लागतं त्यात वार्षिक हिशेब 'गोइंग कन्सर्न बेसिस'वर तयार केलेत असं लिहावं लागतं. ऑडिटरसाठी यावर एसए ५७० नावाचं अख्खं वेगळं स्टँडर्ड आहे. दिवाळखोरीच्या २०१६ च्या कायद्यानंतर तर कंपनी 'गोइंग कन्सर्न म्हणून विकली' असं बातम्यांतही वाचायला मिळतं, म्हणजे यंत्रं वेगळी, जमीन वेगळी असं सुटं सुटं न विकता चालता धंदा जसाच्या तसा दिला. यात काळजीचा काडीचाही संबंध नाही.

पण कानाला दोन्ही सारखंच लागतं, आणि बोट जरा घसरलं की 'गोइंग'चं 'ग्रोइंग' होतं. स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर गप्प बसतं कारण दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबरच आहेत. आमच्या ऑफिसात एकदा एका क्लायंटच्या कर्जाच्या कागदांत मी स्वतः 'ग्रोइंग कन्सर्न बेसिस' टाइप केलं, पुढे दोघांनी वाचलं तरी कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि कागद बँकेत गेल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांचा फोन आला की कंपनीबद्दल काही चिंता वाढलीय का. क्लायंट बिचारा घाबरला, दुरुस्तीचे कागद परत सही-शिक्का करून द्यायला दोन दिवस गेले. तेव्हापासून माझी सवय अशी की हिशेबाचा कुठलाही कागद पूर्ण झाला की त्यात 'ग्रोइंग' हा शब्द सर्चला टाकायचा, आणि साध्या पत्रात उलट, 'गोइंग कन्सर्न' सर्चला टाकायचा. अर्धं मिनिट लागतं.

दोन्ही एकाच वाक्यात बरोबर बसलेले बघायचे असतील तर हे वाक्य पाठ करा: "देअर इज ग्रोइंग कन्सर्न अबाउट द कंपनीज ॲबिलिटी टू कंटिन्यू ॲज अ गोइंग कन्सर्न." म्हणजे कंपनी चालती राहील की नाही याबद्दल चिंता वाढत चाललीय. पहिला काळजीचा, दुसरा धंद्याचा. हे एक वाक्य डोक्यात बसलं की पुन्हा घोटाळा होत नाही, निदान माझा तरी झालेला नाही.

बरं, आता आपला मुद्दा काळजीचाच आहे, हे नक्की झालं. तरीही वाक्य मोडतं. का मोडतं याचं उत्तर मला इंग्रजीच्या व्याकरणात कमी आणि मराठीत जास्त सापडलं.

आपण म्हणतो 'पाण्याची काळजी', 'मुलाची काळजी', 'पगाराची चिंता'. हा जो 'ची' आहे तो इंग्रजीत जाताना आपोआप 'ऑफ' होतो, कारण शाळेपासून 'ची म्हणजे ऑफ' हे डोक्यात पक्कं बसलंय, 'रामाची बहीण' म्हणजे 'सिस्टर ऑफ रामा' वगैरे. पण 'कन्सर्न ऑफ वॉटर टँक' म्हटलं की इंग्रजी वाचणाऱ्याला टाकीला काळजी वाटतेय असं दिसतं, कारण 'ऑफ'च्या पुढे जो येतो तो काळजी करणारा असतो. 'द कन्सर्न ऑफ द पेरेंट्स' म्हणजे पालकांना वाटणारी काळजी, पालकांबद्दलची नाही. मराठीतला 'ची' दोन्ही बाजूंनी चालतो, 'आईची काळजी' म्हणजे आईला वाटणारीही असू शकते आणि आईबद्दल वाटणारीही, आपल्याला संदर्भाने कळतं, इंग्रजीत ही मुभा नाही. ज्या गोष्टीबद्दल काळजी आहे तिच्या आधी 'अबाउट' किंवा 'ओव्हर' घाला. 'ओव्हर' जरा बातमीच्या भाषेतला आहे, पत्रात 'अबाउट' कधीच चुकत नाही. एखाद्याच्या जिवाची, सुरक्षिततेची, भल्याची काळजी असेल तर 'फॉर' येतो, 'कन्सर्न फॉर हर सेफ्टी'. आणि पुढे पूर्ण वाक्यच जोडायचं असेल, म्हणजे 'स्लॅब पडेल की काय अशी', तर 'दॅट': "देअर इज ग्रोइंग कन्सर्न दॅट द स्लॅब मे कोलॅप्स".

तसंच 'मध्ये'चं. 'पालकांमध्ये चिंता वाढतेय' याचं 'कन्सर्न इन पेरेंट्स' होतं आणि ते वाचताना काळजी म्हणजे एखादा आजार आहे आणि तो पालकांच्या अंगात शिरलाय असं वाटतं. तिथे 'अमंग' हवा. 'ग्रोइंग कन्सर्न अमंग पेरेंट्स अबाउट द स्कूल बस', हा साचा एकदा बसवून घेतला की अर्धी पत्रं तिथेच सुटतात, आधी कोणामध्ये, मग कशाबद्दल.

'वुई आर इन ग्रोइंग कन्सर्न' हे मात्र वेगळं दुखणं आहे. 'आम्ही चिंतेत आहोत' यातला 'त' तिथे 'इन' होऊन बसलाय. इंग्रजीत माणूस काळजीच्या आत बसत नाही, तिथे काळजी बाहेर 'असते', म्हणून 'देअर इज'. किंवा मग माणसापासून सुरुवात करायची तर नाम सोडून द्या आणि विशेषण घ्या: "वुई आर इन्क्रीजिंगली कन्सर्न्ड अबाउट..." किंवा जरा बोली ढंगाने "वुई आर गेटिंग वरीड अबाउट...". इथे 'ग्रोइंगली' नको, शब्दकोशात कदाचित सापडेल पण कोणी वापरत नाही, तिथे 'इन्क्रीजिंगली'च लागतो. आणि "वुई आर ग्रोइंग कन्सर्न्ड" हेही बरोबर आहे बरं का, कारण 'ग्रो' म्हणजे फक्त झाड वाढणं नाही, हळूहळू तसं होत जाणं असाही त्याचा अर्थ आहे, 'ग्रो ओल्ड' मध्ये आहे तसा. फक्त मग शेवटी 'कन्सर्न्ड' पाहिजे, 'कन्सर्न' नाही. आणि 'ग्रोइंग अप' तर मुळीच नाही, ते लहान मुलं मोठी होण्याला म्हणतात. भावाच्या मेलमध्ये 'अवर कन्सर्न इज ग्रोइंग अप' असं होतं, तिथला 'अप' काढला आणि वाक्य सुधारलं.

आता तो शेवटचा 'ड'. आपल्याकडे बोलताना तो पडतोच. कुठल्याही ऑफिसात जा, "कन्सर्न पर्सन आज आले नाहीत, उद्या या" हे ऐकू येतं. कानाला इतकं सवयीचं झालंय की लिहितानाही "आय ॲम कन्सर्न अबाउट" येतं, म्हणजे 'मी काळजी आहे'. तपासायची सोपी युक्ती सांगते, कन्सर्नच्या जागी 'वरी' आणि 'वरीड' ठेवून बघा. "आय ॲम वरी" हे लगेच कानाला खटकतं, "आय ॲम वरीड" खटकत नाही, मग तिथे 'कन्सर्न्ड'. "देअर इज ग्रोइंग वरीड" खटकतं, "ग्रोइंग वरी" चालतं, मग तिथे 'कन्सर्न'. ही युक्ती मी आमच्या ऑफिसातल्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्याआधी कामाचं प्रशिक्षण घेणाऱ्या, पोरांना शिकवते आणि पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते, व्याकरणाचं एकही नाव घ्यावं लागत नाही. "आय ॲम कन्सर्निंग अबाउट" हेही असंच येतं, कारण मराठीत 'वाटतंय', 'काळजी वाटतेय' असं चालू काळात बोलतो, मग इंग्रजीलाही 'इंग' चिकटवतो. वाटणारा माणूस 'कन्सर्न्ड' असतो, वाटायला लावणारी गोष्ट 'कन्सर्निंग'. रिपोर्ट कन्सर्निंग असू शकतो, बाबा कन्सर्न्ड असतात.

'कन्सर्न्ड डिपार्टमेंट'वर थोडं थांबते, कारण हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. भारतात 'कन्सर्न्ड डिपार्टमेंट' म्हणजे संबंधित विभाग, हे सरकारी पत्रांपासून शाळेच्या सर्क्युलरपर्यंत सगळीकडे आहे, इथे कोणाचाही गैरसमज होत नाही, त्यामुळे तहसील कचेरीला लिहिताना ते बदलत बसायची गरज मला वाटत नाही. पण पत्र परदेशात जाणार असेल तर बदला. तिथला वाचणारा 'कन्सर्न्ड' नामाच्या आधी दिसला की त्याचा अर्थ काळजीत पडलेला असाच घेतो. 'अ कन्सर्न्ड पेरेंट' म्हणजे काळजीत असलेला पालक, आणि 'द पेरेंट कन्सर्न्ड' म्हणजे ज्या पालकाचा संबंध आहे तो. एकच शब्द, नुसती जागा बदलली की अर्थ फिरतो. मामेबहिणीने घरमालकाच्या एजन्सीला "प्लीज इन्फॉर्म द कन्सर्न्ड पर्सन" लिहिलं होतं, तिथे "द पर्सन रिस्पॉन्सिबल" केलं, काम झालं. आणि "आय ॲम नॉट कन्सर्न्ड" हे वाक्य तर वापरूच नका, आपल्याला म्हणायचं असतं माझा याच्याशी संबंध नाही आणि समोरचा वाचतो मला फिकीर नाही, यावरून नाती बिघडू शकतात, मनापासून सांगते.

'अ' लावायचा की नाही? यावर लोक फार वेळ घालवतात, खरं तर सोपं आहे. 'देअर इज'च्या पुढे बहुतेक वेळा 'अ' शिवाय, "देअर इज ग्रोइंग कन्सर्न", कारण काळजी मोजत नाहीत. 'अ' लावलेलंही छापून येतं, ती काही मोठी चूक नाही. पण एखाद्या विषयाला 'हा वाढत्या चिंतेचा विषय आहे' म्हणायचं असेल तर 'अ' लागतोच: "एअर पोल्यूशन इज अ ग्रोइंग कन्सर्न इन मुंबई". तिथे 'अ' विसरला तर वाक्य लंगडतं. 'मॅटर ऑफ ग्रोइंग कन्सर्न' असंही लिहिता येतं, फक्त ते थोडं सरकारी वाटतं. 'कॉज फॉर कन्सर्न' यात 'फॉर' आहे हेही लक्षात ठेवा, तिथेही हात 'ऑफ'कडेच जातो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. 'ग्रोइंग' म्हणजे वाढतंय, पण काय वाढतंय? या वाक्प्रचारात काळजी वाढते, समस्या नाही. टाकीची गळती वाढत असेल तर ते सरळ लिहा, "द लीकेज इज गेटिंग वर्स". काळजी वाढत असेल तर ती कोणाची आणि केव्हापासून हे सांगा. नुसतं 'ग्रोइंग कन्सर्न' लिहून सोडलं की वाचणारा विचारतो, म्हणजे आधी किती होती? सेक्रेटरी काकांच्या पत्रात सगळं होतं, पण तिसऱ्या पानावर: मार्चमध्ये दोन फ्लॅटच्या छताला ओल होती, जूनमध्ये पाच झाले, आणि जुलैच्या मीटिंगला पंधरा जण फक्त याच विषयासाठी आले. हे पहिल्या परिच्छेदात आणलं की 'ग्रोइंग' सिद्ध होतं, कोणी वाद घालू शकत नाही. दोन तारखा आणि दोन आकडे नसतील तर 'ग्रोइंग' लिहूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, नुसतं 'वुई आर कन्सर्न्ड' जास्त प्रामाणिक.

आणि एकदा 'ग्रोइंग' लिहिलं की वाढ सांगून झाली. मराठीत आपण जोर द्यायला सहज म्हणतो 'दिवसेंदिवस काळजी वाढतच चाललीय', कानाला गोड लागतं, पण इंग्रजीत "ग्रोइंग कन्सर्न इज इन्क्रीजिंग डे बाय डे" म्हणजे वाढती काळजी दिवसेंदिवस वाढत वाढतेय. एकच ठेवा. 'ग्रोइंग' नको असेल तर 'राइजिंग', 'माउंटिंग', 'डीपनिंग' आहेत, त्यातला 'माउंटिंग' जरा भारी आहे, ढिगावर ढीग साचावा तसा, तो गंभीर गोष्टीलाच वापरा. 'कन्सर्न' उपस्थित करायचा असतो तेव्हा 'रेझ', 'राइज' नाही: "रेसिडेंट्स हॅव रेझ्ड कन्सर्न्स".

टेन्शनबद्दल एवढंच, की आपल्याकडे टेन्शन म्हणजे काळजी, इंग्रजीत तो बहुतेक वेळा दोन माणसांमधला किंवा दोन देशांमधला ताण असतो. "देअर इज ग्रोइंग टेन्शन इन द सोसायटी" लिहिलं तर बिल्डरला वाटेल तुमच्यात भांडणं लागलीत.

कुठे वापरू नये तेही सांगते. घरच्या माणसाला, मित्राला 'ग्रोइंग कन्सर्न' लिहू नका. हा पत्रातला, बातमीतला, मीटिंगच्या मिनिट्समधला शब्द आहे, त्यात एक अंतर आहे. एका मैत्रिणीने परगावी शिकणाऱ्या मुलीला, म्हणजे जी तीन दिवस नीट जेवत नव्हती तिला, "आय हॅव ग्रोइंग कन्सर्न अबाउट यू" असा मेसेज केला, मुलीला वाटलं कॉलेजकडून काही तक्रार आली की काय. आईने तिथे "मला तुझी काळजी वाटतेय गं, फोन कर" लिहावं, आणि इंग्रजीतच लिहायचं असेल तर "आय ॲम वरीड अबाउट यू, प्लीज कॉल". आपल्या 'काळजी' शब्दात काळजी करणंही आहे आणि काळजी घेणंही आहे, 'कन्सर्न'मध्ये तेवढी ऊब नाही, ती 'केअर'कडून घ्यावी लागते.

ऑफिसात साहेबांना लिहिताना मात्र तेच अंतर उपयोगी पडतं. "वुई हॅव बीन फॉलोइंग धिस मॅटर विथ ग्रोइंग कन्सर्न" हे वाक्य शांत आहे, आवाज चढलेला नाही, पण समोरच्याला कळतं की आता उत्तर द्यावं लागेल. 'विथ'च्या पुढे 'अ' लावायचा नाही.

तर काकांचं पत्र शेवटी असं गेलं: "देअर इज ग्रोइंग कन्सर्न अमंग द रेसिडेंट्स अबाउट द लीकेज फ्रॉम द ओव्हरहेड वॉटर टँक. इन मार्च, टू फ्लॅट्स वेअर अफेक्टेड. बाय जून, द नंबर हॅड रिझन टू फाइव्ह." पुढे फोटो आणि मीटिंगचा ठराव जोडला. काकांनी विचारलं, 'इन ग्रोइंग कन्सर्न' काढलं तर जोर कमी नाही का होणार. मी म्हटलं, काका, आता तो पाच फ्लॅटवर आहे. त्यांनी सही केली आणि पत्र पोस्टाने गेलं, मेलही केलाय, उत्तर यायचंय.